दादाचं ‘बघू’

आमच्या दादाला गल्लीत कुणी नावानं हाक मारत नव्हतं. सगळे म्हणायचे बघूदादा. कारण त्याला काहीही विचारा, नळ गळतोय येता का, टाकी भरत नाही काय झालंय, उद्या सकाळी जमेल का, उत्तर एकच. बघू. नवीन माणसाला वाटायचं हा टाळतोय. जुन्या माणसाला ठाऊक असायचं की बघू म्हणाला म्हणजे आलाच. ज्याला नाही म्हणायचं असेल त्याच्यासमोर तो काही बोलायचाच नाही, नुसता कान खाजवायचा. बघू म्हणजे हो आणि कान म्हणजे नाही. एवढं कळलं की या माणसाबरोबर संसार करता येतो, असं वहिनी म्हणायची.

मी त्याची धाकटी बहीण. दोन घरं सोडून राहते, पिशव्या शिवायच्या शेडमध्ये कामाला जाते. आईवडील गेले तेव्हा मी फ्रॉकमधली पोर होते, दादानंच मला वाढवलं. लहानपणी एकदा मी लाल चपला मागितल्या होत्या. तो म्हणाला, “बघू चिमणे.” मी तिथंच नाचायला लागले. शेजारची बाई म्हणाली, अगं अजून आणल्या कुठं? मी म्हटलं, दादा बघू म्हणाला ना! दुसऱ्या दिवशी चपला आल्या. एक नंबर मोठ्या होत्या, पण आल्या.

नळकाम करायचा तो. खांद्याला कॅनव्हासची पिशवी, त्यात पाईप पान्हे, सुतळीची गुंडी, सफेद्याचा डबा आणि एका जुन्या बिस्किटाच्या डब्यात सगळ्या मापांचे वायसर. जोड घट्ट करायला तो सुतळी आणि सफेदाच वापरायचा. आजकालच्या त्या पांढऱ्या टेपवर त्याचा विश्वास नव्हता. म्हणायचा, टेप म्हणजे जखमेवर फुंकर.

आणि टेपवरून आठवलं. दोन गल्ल्या सोडून दुसरा एक नळवाला आहे. तो सगळ्याला टेप गुंडाळतो म्हणून त्याचं नाव पडलं टेप्या. माणूस वाईट नाही, हात पण वाईट नाही. पण एकदा कुणाच्या तरी घरी त्यानं लावलेला नळ पाहुण्यांसमोर निखळून हातात आला आणि ती गोष्ट एवढी पसरली की टेप्याचा धंदाच बसला. तो दुकानात माश्या मारायचा आणि इकडं दादाच्या दाराशी रांग. लोक आठ-आठ दिवस बादल्या लावून बसायचे पण टेप्याला बोलवायचे नाहीत. दादा स्वतः सांगायचा, “अहो त्याला न्या, तो आज येईल. काम बरं करतो.” तर लोक म्हणायचे, “नाही दादा, तुम्हीच या. आम्ही थांबतो.”

“थांबतो म्हणे,” दादा घरी येऊन म्हणायचा. “पाणी थांबतंय का? पाणी तर वाहतंच आहे.”

आणि एवढ्या सगळ्या गल्लीचे नळ दुरुस्त करणाऱ्याच्या स्वतःच्या स्वयंपाकघरातला नळ मात्र कायम ठिबकायचा. दिव्याखाली अंधार. वहिनीनं त्याच्याखाली एक जर्मनचं पातेलं ठेवलं होतं. टप, टप, टप. पातेलं भरलं की ते पाणी झाडांना. वहिनी म्हणायची, “अहो, आपला नळ?” दादा म्हणायचा, “बघू.” आयुष्यात हे एकच बघू त्यानं पाळलं नाही. वहिनी सगळ्यांना सांगायची, माझ्या नवऱ्याचा शब्द मोडत नाही, फक्त माझ्या नळापाशी वाकतो.

आता आजारपणाचं सांगते.

आधी जिना चढताना दम लागायला लागला. मग पिशवी उचलताना. एकदा सपाट रस्त्यावर चालता चालता थांबला आणि दुकानातल्या बरण्या बघत उभा राहिला. मी म्हटलं, “काय घ्यायचंय?” म्हणाला, “काही नाही, श्वास घेतोय.” मी आणि वहिनी त्याला ओढत गल्लीतल्या डॉक्टरकडं घेऊन गेलो. त्यांनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं, फोटो काढायला पाठवलं. मग समोर बसवून सांगितलं की हृदयाचा वॉल, म्हणजे आतली झडप, घट्ट झालाय, उघडत नाही नीट.

दादानं विचारलं, “गंजलाय का?”

डॉक्टर हसले. “गंज नाही म्हणता येणार. क्षार साचलेत असं समजा.”

“मग साफ करून चालणार नाही,” दादा म्हणाला. “बदलायलाच लागणार.”

“बदलायलाच लागणार. आणि फार थांबून चालणार नाही.”

तिथपर्यंत सगळं ठीक होतं. आजार कळला, इलाज कळला. घोडं अडलं ते पुढं. पूर्वी आपल्या भागाला जो दवाखाना असेल तिथंच डॉक्टर चिठ्ठी द्यायचे. जायचं, बसायचं, विषय संपला. आता नवीन पद्धत आलीय, पेशंटनं निवडायचं. डॉक्टर म्हणाले, “वॉल बदलतात अशी दोन ठिकाणं आहेत. एक मोठा दवाखाना, तिथं सध्या सहा-सात महिने थांबावं लागतंय. दुसरा कालव्यापलीकडचा, तिथं दोनेक महिन्यांत होईल. कुठं नाव घालू?”

“तुम्ही सांगाल तिथं.”

“मी सांगायचं नाही असा नियम आहे. निवड तुमची.”

दादा म्हणाला, “दोन्हीकडं एकच वॉल बसवतात?”

“एकच. ऑपरेशन करणारी मुलं पण एकाच ठिकाणी शिकलेली.”

“मग रांग मोठ्याच ठिकाणी का?”

“सगळे तेच निवडतात म्हणून.”

बाहेर येऊन दादा पायरीवर बसला आणि म्हणाला, “मी कधी गिऱ्हाईकाला म्हणतो का, पाईप कुठून न्यायचा ते तुमचं तुम्ही ठरवा, मी तोंड उघडणार नाही?”

त्या संध्याकाळी घरात सभाच भरली. मी, वहिनी, माझी भाची म्हणजे दादाची मुलगी, ती कापडाच्या दुकानात काउंटरवर असते, आणि शेजारचा शिंपी. शिंप्याला कुणी बोलावलं नव्हतं पण तो कधीच बोलावण्याची वाट बघत नाही.

वहिनी म्हणाली, “पलीकडच्या दवाखान्याचं नाव काढू नका. दूधवाल्याच्या सासूला तिथं नेलं आणि काय झालं?”

“तिला नव्वद वर्षं झाली होती,” दादा म्हणाला.

“झाली असतील. पण गेली तिथंच ना?”

शिंपी म्हणाला, “मोठा तो मोठा. मी बहिणीला बघायला गेलो होतो, लिफ्टमध्ये एवढा आरसा आहे.”

भाची म्हणाली, “काका, बाबांचा वॉल बदलायचाय, भांग नाही पाडायचा.”

मला दोन्हीतलं काही माहीत नव्हतं. आम्हाला कुणालाच नव्हतं. ऐकीव गोष्टी होत्या नुसत्या, त्यांच्यावरच निवडायचं होतं.

वहिनी पुन्हा म्हणाली, “मोठाच.” आणि दादानं कान खाजवला. मी बघितलं. वहिनीनं पण बघितलं असणार, तिच्याइतका तो कान कुणाला वाचता येत नव्हता. पण तिचे डोळे भरून आले होते. दादानं हात खाली घेतला. म्हणाला, “मी आत असताना तुला झोप कुठं लागेल?”

“मोठ्या दवाखान्यात असलात तर.”

“मग मोठ्या.”

झालं. निवड झाली. नाव घातलं.

मग थांबायला सुरुवात. थांबणं म्हणजे काय ते आम्हाला वाटलं होतं ठाऊक आहे. रेशनला थांबतो, बसला थांबतो. पण तिथं पुढच्या माणसाची पाठ दिसते, रांग सरकली की कळतं. ही रांग दिसतच नव्हती. दादा रोज फोन काढून बघायचा आणि परत खिशात घालायचा. भाची म्हणायची, “बाबा, तिथं फोन करून विचारू का?” तर म्हणायचा, “नको. मला दिवसातून चारदा फोन करून माझा नळ कधी माझा नळ कधी म्हणतात तेव्हा मला कसं वाटतं? त्यांना काम करू दे.”

दिवसेंदिवस तो बारीक होत गेला. रात्री आडवं होता येईना, दोन उशा, मग तीन, मग खुर्चीतच बसून झोपायला लागला. तरी पिशवी घेऊन निघायचाच. वरच्या मजल्यांची कामं मात्र टेप्याकडं द्यायला लागला. लोक कुरकुरले. एक बाई तर म्हणाली, “तुमचं ऑपरेशन झाल्यावर या, तोवर आम्ही थांबतो.” दादा हसला. मला म्हणाला, “चिमणे, ती माझ्यासाठी थांबलीय, मी मोठ्या दवाखान्यासाठी थांबलोय, आणि टेप्या मोकळाच आहे. गंमत बघ.”

मला नाही गंमत वाटली.

मग तो फोन आला. दादा त्या वेळी शिंप्याच्याच घरी मोरीतलं काम करत होता. हात ओले, सफेद्यानं माखलेले, म्हणून शिंप्यानं फोन दादाच्या कानाशी धरला आणि आवाज मोठा केला. म्हणून आम्हाला शब्दन् शब्द माहीत आहे. शिंप्यानं तो नंतर इतक्या वेळा सांगितलाय की मला पाठ झालाय.

फोनवरची पोरगी म्हणाली, “नमस्कार, रुग्णालय निवड विभागातून बोलतेय. मोठ्या रुग्णालयातली प्रतीक्षा वाढलीय, त्यामुळं आम्ही आपल्याला कालव्यापलीकडच्या रुग्णालयात लवकरची जागा देऊ शकतो.”

दादा म्हणाला, “लवकरची म्हणजे कधीची?”

“येत्या पंधरवड्यात, सर.”

“अरे वा!”

“आपण ही जागा स्वीकारता का, सर?”

आणि दादा म्हणाला, “बघू.”

ती म्हणाली, “ठीक आहे सर. आपल्या निवडीबद्दल आभार.” आणि फोन ठेवला.

शिंपी सांगतो, दादाचा चेहरा इतका फुलला होता की त्यानं मोरीतच बसून शिंप्याकडं बिडी मागितली. शिंप्यानं दिली नाही. दादा म्हणाला, “बरोबर आहे, आता नवीन वॉल येतोय, धूर नको.”

घरी येऊन त्यानं वहिनीला सांगितलं, “पंधरा दिवसांत बोलावणार. पलीकडं.” पलीकडं म्हटल्यावर वहिनीला दूधवाल्याची सासू आठवली असणार. पण ती रात्र रात्र त्याला खुर्चीत बघत होती. ती म्हणाली, “कुठं का होईना, होऊ दे एकदाचं.” माझा तर जीव भांड्यात पडला. भाचीनं दुकानातून कापड आणलं आणि शिंप्यानं फुकटात दोन पायजमे शिवून दिले, नाडी सैल ठेवून. वहिनीनं पिशवी भरली. पायजमे, टॉवेल, दाढीचं सामान, पाण्याची बाटली. पिशवी दाराच्या मागच्या खुंटीला लावली. दादा रोज सगळ्यांना सांगत सुटला, आता दीड-दोन महिने मला शोधू नका, टेप्याकडं जा. टेप्याला तो स्वतः जाऊन वायसरचा अर्धा डबा देऊन आला. म्हणाला, “गल्ली सांभाळ. आणि जरा सुतळी वापर रे.”

टेप्या म्हणाला, “बघू.”

दोघं हसले म्हणे.

पंधरवडा गेला. फोन नाही. दादा म्हणाला, “एखादा दिवस मागंपुढं होतो. मीच कधी वेळेवर गेलोय?” आणखी एक आठवडा गेला. पिशवी खुंटीलाच. वहिनी रोज त्यातला टॉवेल काढून झटकून परत ठेवायची, कुबट वास येऊ नये म्हणून. भाची म्हणाली मी फोन करते, तर दादा तिच्यावर ओरडला. तो कधी ओरडत नसे. म्हणाला, “एकदा हो सांगितलंय ना मी? मग? माणसाच्या शब्दाला काही किंमत आहे की नाही?” आणि खोकला लागला, ओठ निळे पडले.

दुसऱ्या दिवशी मी शेडमध्ये सुट्टी टाकली आणि वहिनीला घेऊन त्या निवड विभागात गेले. काचेमागं स्वेटर घातलेला एक माणूस होता. चांगला होता बोलायला, ते सांगायला पाहिजे. त्यानं नंबर घातला, पडद्यावर बघितलं, परत बघितलं आणि म्हणाला, “मावशी, यांना जागा दिली होती. यांनी नकार दिलाय.”

वहिनी म्हणाली, “कुणी?”

“पेशंटनीच. फोनवर.”

“अहो नाही! ते हो म्हणालेत. शिंपी साक्षीला आहे.”

मी म्हटलं, “ते बघू म्हणाले. आमच्या दादाचं बघू म्हणजे हो असतं.”

तो माणूस हळू आवाजात म्हणाला, “ताई, इथं दोनच बटणं आहेत. स्वीकारलं आणि नाकारलं. माणूस बघू म्हणाला की बहुतेक वेळा नकोच असतं त्याला. मी पण कुणाला टाळायचं असलं की बघूच म्हणतो.”

मला तोंडात मारल्यासारखं झालं. कारण ते खरं होतं. मी पण म्हणते. आपण सगळेच म्हणतो. पोरगी काय चुकली? सगळ्या जगात बघू म्हणजे नाही, फक्त आमच्या एका दादाचं बघू म्हणजे हो.

वहिनीनं काचेला हात टेकला. “मग आता द्या. आता हो म्हणतो आम्ही. लिहून घ्या, हो.”

तो म्हणाला, दिलेली जागा नाकारली की दिवस परत पहिल्यापासून मोजतात. ती जागा तर गेलीच, आणि मोठ्या दवाखान्यात जे इतके महिने काढले तेही गेले. आता नव्यानं निवडायचं.

मी म्हटलं, “मग पलीकडंच घाला. तिथं दोन महिन्यांत होतं.”

“होत होतं,” तो म्हणाला. “मोठ्याकडची रांग वाढली म्हणून लोकांना तिकडं वळवलं. मग तिथं लवकर होतं ही बातमी पसरली, सगळे तिकडंच मागायला लागले. आता तिथं पण पाच महिने आहेत.”

“आणि मोठ्याकडं?”

“मोठ्याकडं जरा कमी झालेत. पण तुम्ही नाव घालेपर्यंत परत वाढतील.”

इकडं आड तिकडं विहीर म्हणतात ते मी तोवर नुसतं ऐकलं होतं. वहिनी तिथंच बाकावर बसली. मागचा माणूस म्हणाला, झालं असेल तर सरका. आम्ही सरकलो.

घरी दादा वाट बघत बसला होता. मीच सांगितलं. मला वाटलं चिडेल, त्या पोरीला शिव्या देईल. त्यानं फोन काढून बघितला आणि परत खिशात घातला. मग म्हणाला, “माझं बघू मलाच नडलं की गं.” वहिनी म्हणाली, तुम्ही नका असं बोलू. तो म्हणाला, “एका पाईपवर दोन नळ असले की असंच असतं. हा सोडला की त्याची धार बारीक, तो सोडला की याची. लोक या नळाकडून त्या नळाकडं बादली घेऊन पळतात. टाकीत पाणी तेवढंच आहे.”

मग नाव कुठं घातलं? पलीकडं. या वेळी वहिनीच म्हणाली. दादानं कान खाजवला नाही.

भाचीनं त्याला शिकवायला घेतलं. रोज जेवण झालं की ती मूठ कानाला लावून फोनवरची पोरगी व्हायची. “नमस्कार सर, आपण ही जागा स्वीकारता का?”

दादा म्हणायचा, “ब...”

“बाबा!”

“हो. हो हो हो. स्वीकारतो. आत्ता येतो. पायजमा घालूनच बसलोय.”

आम्ही हसायचो. खरंच हसायचो. वहिनी पदर तोंडाला लावून हसायची आणि मग तो पदर तिथंच राहायचा. पन्नास वर्षांची सवय हो, एवढी सहज जाते का? एकदा मी विचारलं, दादा चहा टाकू? तर म्हणाला, “बघू,” आणि लगेच घाबरून माझ्याकडं बघितलं. “हो. हो म्हणालो मी, चिमणे.” ते घाबरणं मला अजून दिसतं. दादा कधी कुणाला घाबरला नव्हता.

काम बंद झालं. पाय सुजले. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या, वर फोन केला, चिठ्ठी लिहिली, तातडीचं आहे म्हणून. उत्तर आलं की यादीतले सगळेच तातडीचे आहेत. दिवसभर खुर्ची, खिडकी आणि स्वयंपाकघरातलं ते टप टप. एक दिवस म्हणाला, “काय आवाज करतो गं हा नळ. तू एवढी वर्षं कसं सहन केलंस?”

वहिनी म्हणाली, “तुम्ही बघू म्हणाला होतात ना. मी थांबले.”

दुपारची वेळ होती. वहिनी पुढच्या खोलीत पडली होती, तिचा डोळा लागला होता. ती सांगते, मी आवाजानं नाही उठले, आवाज बंद झाल्यानं उठले. टप टप ऐकूच येईना. इतकी वर्षं कानात बसलेला आवाज थांबला की कसं होतं, घर अंगावर आलं. ती उठली. आत गेली.

दादा ओट्याखाली भिंतीला टेकून बसला होता. मांडीवर पान्हा. बाजूला वायसरचा डबा उघडा, एक वायसर निवडून ओट्याच्या कडेवर ठेवलेला. त्यानं पाण्याची मुख्य चावी बंद केली होती, नळ खोलायचा राहिला होता. पातेलं त्यानं उचलून आधीच बाजूला ठेवलं होतं.

मी पोचले तेव्हा वहिनी त्याच्या शेजारी जमिनीवर बसली होती आणि त्याचा हात धरून म्हणत होती, “नको होता मला नळ. नको होता.”

माणसं आली. सगळी गल्ली आली. ज्यांचे नळ झाले होते ते आले, ज्यांचे राहिले होते ते पण आले. एवढ्या माणसांना पाणी लागतं, कुणीतरी चावी उघडली. आणि परत सुरू झालं, टप, टप. वहिनीनं ते ऐकलं आणि तेव्हा ती रडली. तोवर रडली नव्हती.

दवाखान्याचा फोन आला नाही. शेवटी भाचीनंच त्यांना फोन केला. म्हणाली, बाबांचं नाव काढून टाका, पुढच्याला तरी जागा मिळू दे. तिकडून विचारलं, काढायचं नक्की का? ती म्हणाली, हो. “ठीक आहे मॅडम. आपल्या निवडीबद्दल आभार.” भाचीनं फोन खाली ठेवला.

पिशवी अजून दाराच्या मागं आहे. पायजमे आत आहेत. वहिनी टॉवेल झटकत नाही आता.

परवा टेप्या आला होता. आत यायला कचरत होता, चपला काढून उंबऱ्याशीच उभा राहिला. खांद्याला पिशवी. दादानं दिलेला वायसरचा अर्धा डबा हातात. मी वहिनीजवळ बसले होते. आतून नळाचा आवाज येतच होता, तो त्यालाही ऐकू येत होता.

म्हणाला, “वहिनी, दादांनी गल्ली सांभाळ म्हणून सांगितलं होतं. तुमचा नळ करून देतो. सुतळी आणलीय मी.”

वहिनी खिडकीकडं बघत होती. म्हणाली, “बघू.”

टेप्यानं पिशवी खाली ठेवली. मग परत उचलली. मग माझ्याकडं बघितलं. मला काय कळणार? वहिनीच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकत होते.

तो बिचारा अगदी हळू म्हणाला, “वहिनी, बघू म्हणजे हो का नाही?”

एवढंच तर विचारायचं होतं. फोनवर, त्या दिवशी, एवढंच.

वहिनीनं त्याच्याकडं वळून बघितलं. म्हणाली, “नाही.”

मग म्हणाली, “राहू दे गळत.”

टेप्या गेला. वहिनी उठली, आत जाऊन पातेलं बघून आली. भरलं नव्हतं अजून.